एका बोटाची जागा

आत्याबाई, उद्या सोमवार आहे आणि मला शाळेत जायचं आहे.

परवा तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, अंगणातला मांडव निघाला, मोठाली पातेली ज्याची त्याच्याकडे परत गेली. मामाजी ओसरीत बसून आहेत, नुसते बसून. कोणी चहा दिला तर घेतात, नाही दिला तर मागत नाहीत. तुम्ही गेल्यापासून ते कोणाशी बोललेले नाहीत. मी माझ्या पलंगावर आहे आणि समोर माझी चाकाची खुर्ची, तिच्यावर ती काळ्या रबराची हवेची गादी. तुमच्या भाषेत 'फुगे'. इतक्या दिवसांत मी तिच्यावर धड बसलेली नाही. आल्यागेल्यांना वाटलं, सुनेनं फार मनाला लावून घेतलं. लावून घेतलंच आहे. पण तुमच्यापाशी काय लपवायचं, मला भीती वाटते. रोज सकाळी मी खुर्चीवर बसले की तुमचा हात माझ्या खाली जायचा, आणि तुम्ही 'हाये' म्हणालात की मगच माझा दिवस सुरू व्हायचा. आता ते कोण म्हणणार, या विचारानं मी पडून आहे.

तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढी शिकलेली मास्तरीण अन् फुग्याले भेते.

खरं तर सुरुवातीपासून हे दुखणं माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त समजलं. तापाचं निमित्त झालं, मणक्यात काहीतरी बिघडलं आणि कमरेखालचं अंग माझं राहिलं नाही. पाय हलत नाहीत हे मला कळत होतं. पण नुसतं बसूनही माणसाला जखम होते हे काही केल्या पटत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की धडधाकट माणूस बसल्या बसल्या सारखा कूस बदलतो, त्याला पत्ताही लागत नाही. मला तिथे दुखणारच नाही, म्हणून मी हलणार नाही, आणि हाडाखालचं मांस दबून दबून मरेल. मी रडत होते. तुम्ही मात्र डॉक्टरांनाच विचारलंत, "म्हणजे पेटीतल्या तळच्या संत्र्यासारखं होय का?" आष्टीकडच्या तुमच्या माहेरी संत्र्याचा बगीचा. वरच्या ओझ्यानं तळचं संत्रं एका बाजूनं कसं मऊ पडतं हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं. डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. तळच्या संत्र्याखाली तनीस, म्हणजे पेंढा, घालतात, तर सुनेखाली गादी घालू, असं तुमचं तिथल्या तिथे ठरलं.

आणि मग तुम्ही ती गादी केलीत. आपल्या वावरातला कापूस, सरकी काढून आणलेली पांढरीशुभ्र रुई, आर्वीच्या बाजारातला तुमचा नेहमीचा गादीवाला. त्याच्या डोक्यावर बसून तुम्ही ती भरून घेतलीत. रुई एका जागी गोळा होऊ नये म्हणून गादीला टाके घालतात, ते तुम्ही चांगले जवळजवळ आणि घट्ट घालायला लावले, वर गाठी मारायला लावल्या. गादी कशी असावी हे वऱ्हाडातल्या बाईला कोणी शिकवायचं? मला तिच्यावर बसवून तुम्ही सगळ्या आळीला बोलावून दाखवलंत. दिसायला ती खरोखर देखणी होती.

तिची एक गाठ नेमकी माझ्या हाडाखाली आली. मला काहीच कळलं नाही. अंघोळीच्या वेळी तुम्हालाच तो लाल डाग दिसला, आणि तुम्ही अंगठ्यानं दाबून पाहिलात तर तो पांढरा होईना. मग कातडी गेली. मग जखम. अख्खा पावसाळा मी पालथी पडून काढला, शाळेतून रजेवर रजा, नोकरी राहते की जाते अशी वेळ आली. तुम्ही दोन्ही वेळा जखम धुतलीत, नाकाला पदर न लावता. त्या गादीबद्दल तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. एके दुपारी अंगणात विळ्यानं ती उसवलीत, एकेक गाठ कापून काढलीत आणि आतल्या रुईच्या वाती वळायला बसलात. वर्षभर आपल्या देवापुढे त्याच वाती जळत होत्या. मला मनातल्या मनात हसू यायचं आणि मी काही बोलायची नाही. तुम्हालाही ते कळत असणार.

जखम भरली तेव्हा आपण वर्ध्याला गेलो, फिजिओथेरपीच्या मॅडमकडे. गादी विकत घ्यायची म्हणून तुम्ही लुगडं घ्यायला निघाल्यासारख्या तयार झाला होतात. मॅडमनी टेबलावर तीन गाद्या मांडल्या. एक फोमची, एक जेलची, एक हवेची. त्या मला एकेकीवर बसवत होत्या आणि मला तर सगळ्या सारख्याच. दगडावर बसवलं असतं तरी सारखंच. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिले काय इचारता, मी बसून पाह्यतो." आणि मला बाजूच्या खाटेवर हलवलं तशा चपला काढून थेट मांडी घालून बसलात, तपासणीच्या खोलीत, माझ्या चाकाच्या खुर्चीवर. मॅडम म्हणाल्या, आजी, पाय खाली सोडून बसावं लागतं. तुम्ही म्हणालात, पाय लोंबकळत ठेवून बसायची आपल्याला सवय नाही. शेवटी अर्धी मांडी मोडून एक पाय खाली, एवढ्यावर तडजोड झाली.

फोमवर बसून म्हणालात, ही तर एसटीची सीट. हवेच्या गादीवर डुललात आणि घाबरून माझा खांदा धरलात. जेलच्या गादीवरून मात्र तुमचा हात निघेना. थंडगार होती ती. उन्हाळ्यात माठाला गाल लावावा तसा तुम्ही तिला लावून पाहिलात. सौदा तुमच्या बाजूनं पक्का झाला होता.

मॅडमनी मग समजावलं की जिला कळत नाही तिच्यासाठी दुसऱ्याला काय बरं वाटतं ते उपयोगाचं नाही, तिची कातडी काय सांगते ते बघायचं. त्यांनी मला प्रत्येकीवर बराच वेळ बसवून मग अंगावरचे डाग पाहिले. घरात गादी कोण उचलणार ते विचारलं. मी उन्हात किती असते ते विचारलं. फोम साधा, बिनकटकटीचा, पण दबत जातो, पुढेमागे बदलायचा. जेल चांगली पण वजनदार, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अंगणात राहिली तर तापणार. माझी एकदा जखम झालेली, हाडं वर आलेली, तर मला हवेची सगळ्यात बरी. पण तिची एक अट होती. उन्हानं हवा फुगते, थंडीनं बसते, तेव्हा रोज पाहावं लागतं. रोज पाहायला कोणी नसेल तर ती घेऊ नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"रोजचं पाह्यणं असन तं मी हाओ नं," तुम्ही म्हणालात.

त्या एका वाक्यावर गादी घेतली गेली. परतताना आर्वी येईपर्यंत तुम्ही मात्र तुमच्या लेकाला, अनिलला, ऐकवत होतात की चांगली ती थंडवालीच होती. नंतरही कितीतरी वेळा. परवाच्या उन्हाळ्यातसुद्धा. हे भांडण आपलं मिटलं नाही आणि खरं सांगायचं तर मी ते मिटवायच्या मागे लागलेही नाही. तुम्ही म्हणायचात जेल, मी म्हणायची हवा, आणि दोघी मिळून त्या हवेच्या गादीला सांभाळायचो.

पहिल्या दिवशी तुम्ही पंपानं तिच्यात एवढी हवा भरलीत की ती नगाऱ्यासारखी टणक झाली. बाजेची दोरी जितकी ताणावी तितकी बाज चांगली, हा तुमचा हिशेब. मी तिच्यावरून घसरत होते. संध्याकाळी पुन्हा लाल डाग, आणि तुमचा चेहरा पांढराफटक. मॅडमनी फोनवर सांगितलं, हवा सोडा, माणूस गादीत थोडा बुडायला हवा. तुम्हाला ते जिवावर आलं. भरलेली हवा सोडायची म्हणजे भरल्या कणगीला भोक पाडण्यासारखं. पण सोडलीत. आणि मॅडमनी शिकवलं होतं तसा हात आत घातलात. माणूस बसलेला असताना त्याच्या आणि गादीच्या मध्ये तळहात सरकवायचा, सगळ्यात खालचं हाड बोटांना लागेल तिथे थांबायचं, आणि त्याच्याखाली, तळ लागायच्या आधी, एका बोटाएवढी हवा आहे का ते पाहायचं. त्याहून जास्त असली तर गादी टणक. नसली तर हाड तळाला टेकलं.

पण हात घालायच्या आधी बांगड्यांचा प्रश्न निघाला. मॅडमनी बजावलं होतं, अंगठी नको, बांगडी नको. काच लागली तर रबर गेलं. तुम्ही तुमच्या उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहत किती वेळ बसला होतात. मामाजी ओसरीत जिवंत बसलेले आणि सवाष्णीनं हात रिकामा करायचा? कासार नव्या बांगड्या भरतानासुद्धा एक जुनी हातात ठेवतो. मी म्हटलं, आत्याबाई, काचेवर कोणाचं आयुष्य अवलंबून नसतं. तुम्ही म्हणालात, तुले नाई समजायचं, आणि देवघरातून हळदीचा पिवळा दोरा घेऊन आलात. एका हातानं आपल्याच मनगटाला दोरा बांधता येत नाही. तुम्ही हात पुढे केलात. मी बांधला, जरा रागानंच. मग तुम्ही बांगड्या काढल्यात आणि ठेवायला दुसरी जागा दिसेना म्हणून खुर्चीच्या ब्रेकच्या दांडीत ओवल्यात.

तेव्हापासून रोज सकाळी तेच. मी दोरा बांधायची, तुम्ही बांगड्या ब्रेकला अडकवायचात, हात आत, आणि मग सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात: "हाये. एका बोटाची जागा हाये." ओसरीतून मामाजी म्हणायचे, "मंग जाय आता शाळेत." त्यांचं माझ्याशी दिवसभरात तेवढंच बोलणं, पण ते कधी चुकलं नाही.

हात आत असताना तुम्ही जे बोलायचात, ते दिवसभरात कधी बोलला नाहीत. अनिलच्या बदलीची काळजी, मामाजींचं ऐकू न येणं आणि ऐकू न आल्याचं सोंग, तुमच्या आईचं जाणं. एका सकाळी अगदी सहज म्हणालात, "तू मले पसंत नव्हती बरं. उंच लई हाये म्हणे मी." मी गारच पडले. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे मला आत्ता, असं, तुमचा हात माझ्या हाडाखाली असताना कळतंय. तुम्ही पुढे म्हणालात, "आता तू बसूनच राह्यतं, तं उंचीचं काई वाटत नाई." मला इतकं हसू आलं की गादी हलायला लागली. इतरांनी माझ्या पायांबद्दल कुजबुजून बोलायचं आणि तुम्ही असं. तुम्ही मलाच रागावलात की हसू नको, हाड सरकून राह्यलं. त्या दिवशी वर्गात शिकवतानाही मधेच हसू फुटत होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी तुमच्या मनगटावरचा दोरा पाहिला. बांगड्या घालायच्या विसरला होतात घाईत. सवाष्णीनं असा हात ठेवू नये, असं त्या चारचौघींत बोलल्या. मी बाजूलाच होते. मला वाटलं, आता तुम्ही उठून बांगड्या घालाल. तुम्ही तिळाची वाटी त्यांच्यापुढे केलीत आणि म्हणालात, "दोरा हाये नं बांधलेला. अन् माह्या सुनेले जखम झाली तं तू येशीन का धुवाले?" काकू तीळगूळ खात राहिल्या. त्या घटकेला मला तुमच्याविषयी जे वाटलं ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं. घरी आल्यावर आपण जेल की हवा यावर बोललो.

आणि ती खोळ. मॅडम म्हणाल्या होत्या, गादीवरची खोळ ताणली जाणारी हवी, घट्ट कापडानं सगळी हवा फुकट जाते. तुम्ही आधी जुन्या लुगड्याची शिवलीत, ती नापास झाली. मग मामाजींचे बनियन नाहीसे व्हायला लागले. बिचारे दोरीवर शोधत फिरायचे. शाळेत मुख्याध्यापकांपासून सगळे ज्या खोळीचं कौतुक करायचे ती मामाजींच्या बनियनची आहे हे फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. आता सांगून टाकते, मामाजींनाही माहीत होतं. त्यांनी अनिलला बनियन आणताना दोन जास्तीचे आणायला सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तो हात मला स्वतःला घालता येत होता. वर्ध्याला मॅडमनी आपल्याला दोघींना शिकवलं होतं. एका हातावर भार द्यायचा, अंग एका बाजूला झुकवायचं, दुसरा हात खाली घालायचा. मला पहिल्याच दिवशी जमलं होतं. पण घरी आल्यावर तुम्ही दोरा घेऊन आलात आणि मी गप्प राहिले. रोज गप्प राहिले.

मग तुम्हालाच दवाखान्यात ठेवावं लागलं; मी खाटेशी आले तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. तब्येत कशी आहे हे मी विचारायच्या आत तुम्हीच विचारलंत, "आज कोनं पाह्यलं?" मी म्हटलं, अनिलनं.

"खोटी बोलून राह्यली. त्याचा पंजा जात नाई तिथं." आणि मग म्हणालात, "तुले येते. मले पह्यल्या दिवसापासून मालूम हाये. मी तिथंच होती नं."

मग तुम्ही का करत होतात, असं मी विचारलं.

"मले करू वाटे."

मलाही तुम्हीच करावं असं वाटायचं, आत्याबाई. म्हणूनच मी गप्प होते. माझ्या ज्या अंगाला काहीच कळत नाही, तिथे रोज कोणाचा तरी हात आहे, एवढं मला डोक्यानं कळायचं आणि ते मला पुरायचं. हे मी सांगणार होते, तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात नर्स आली, मग अनिल आला, मग डॉक्टर. निघताना तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत आणि म्हणालात, हात रिकामा नको ठेवू, अनिलले दोरा बांधाले सांगजो. मी म्हटलं, तुम्ही घरी चला, मीच बांधते तुम्हाला. ते आपलं शेवटचं बोलणं ठरलं.

तुम्हाला न्यायच्या वेळी बायकांनी तुमच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा भरायला घेतला. तुम्हाला हवं होतं तसं, मामाजींच्या आधी, सवाष्ण. मी खुर्ची जवळ घेऊन उजवं मनगट पाहिलं. हळदीचा पिवळा डाग तिथे अजून होता. त्याच्यावर बांगड्या चढल्या.

हे इथवर काल लिहिलं. आज सोमवार, आणि मी शाळेतून घरी आले आहे. अनिलनं कातडी पाहिली, आरशात मीही पाहिली, कुठे काही नाही. तेव्हा ती काळजी सोडा. सकाळचं सांगते.

सकाळी अनिलनं मला खुर्चीवर बसवलं. मी त्याला देवघरातून दोरा आणायला सांगितला. तुम्हाला माहीत आहे, या दोऱ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. त्यावर आपलं भांडण अजून शिल्लक आहे. तरी मी हात पुढे केला. अनिल कचेरीतल्या फायलीला बांधतो तशी त्यानं गाठ मारली आणि बराच वेळ माझं मनगट धरून उभा राहिला. मी बांगड्या काढल्या, ब्रेकच्या दांडीत ओवल्या. बांगड्यांचा तो आवाज ऐकून आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं.

मग डाव्या हातावर झुकले आणि उजवा हात आत घातला. हाड लागलं. खाली तळही लागला. इतक्या दिवसांत हवा उतरली होती. पंप मारला, पुन्हा झुकले, पुन्हा हात घातला, जास्त झाली, सोडली. तिसऱ्यांदा हात आत गेला आणि हाडाखाली बोटाला ती मऊ जागा लागली. रोज तुमच्या हाताला लागायची तीच. तुम्ही मला एवढी वर्षं तिथे धरून ठेवलं होतंत, हे मी पहिल्यांदा माझ्या हातानं पाहिलं. मला रडू आलं नाही. मला फक्त तुमचे आभार मानायचे होते आणि ते कसे मानतात ते सुचेना. म्हणून तुमच्याच आवाजात, तुमच्याच बोलीत, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले,

"हाये. एका बोटाची जागा हाये."

आणि मग ओसरीतून, इतक्या दिवसांनी, घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मंग जाय आता शाळेत," मामाजी म्हणाले.